मासवडी का चिरली, ते आत्याला विचार

पत्र :

ताई, मी २४ वर्षांचा आहे. पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी रील बनवतो. टीव्हीवरच्या पाककृतींच्या कार्यक्रमांची नक्कल हा माझा विषय. "चवीनुसार मीठ" म्हणत अख्खी बरणी उपडी करणं, "आता हे चार तास मुरू द्या" म्हणून लगेच टेबलाखालून तयार पातेलं काढणं, असे प्रकार. लोकांना आवडतात. दोन महिन्यांपूर्वी मी माझ्या सख्ख्या आत्याची नक्कल केली. ती जुन्नर तालुक्यात राहते. २०१० साली ती एका वाहिनीवर मासवडी, म्हणजे सारण भरून गुंडाळलेली बेसनाची वडी, करायला गेली होती. कॅमेऱ्यासमोर गुंडाळी करताना मासवडी मधोमध चिरली. आत्या घाबरली आणि "होतं असं... होतं असं..." एवढंच म्हणत राहिली. तो भाग आमच्या घरात सगळे हसत हसत बघतात, आत्यासुद्धा हसायची. मी तिच्यासारखी साडी नेसून तेच केलं, सुरुवातीला मूळ कार्यक्रमाचे १४ सेकंदही जोडले. अकरा लाख लोकांनी बघितलं. आता गावात, लग्नात, बाजारात तिला बघितलं की पोरं "होतं असं" ओरडतात. ती माझ्याशी बोलत नाही. दर दिवाळीला काळा मसाला पाठवते, यंदा आला नाही. वडील म्हणतात, व्हिडिओ काढ. मित्र म्हणतात, कला आहे, माघार घेऊ नको. त्यातच एका मसालेवाल्यांनी त्याच वेशात जाहिरात करशील का, असं विचारलंय. मी काय करू? विडंबन करणंच चुकीचं आहे का? आणि ते १४ सेकंद वापरल्यामुळे काही कायद्याची अडचण येईल का?

(नाव न छापण्याची विनंती आहे)

उत्तर :

प्रिय मित्रा,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते लांबवण्यासारखं नाही. तो व्हिडिओ काढ. हे वाचून झालं की काढ, रविवारची वाट बघत बसू नकोस. अकरा लाख लोकांनी पाहून झाल्यावर आता काढून काय होणार, असं तुझे मित्र म्हणतील. लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती फिरत राहतील, त्या तुझ्या हातात नाहीत, हे खरं. पण तुझ्या नावाखाली तो आहे तोवर आत्याच्या लेखी तू रोज सकाळी उठून तो नव्याने लावतोयस. बाजारातल्या पोरांचं ती मनावर घेणार नाही, घेतलं तरी विसरेल. भाच्याचं तसं नसतं. तुला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं असणार.

"आत्यासुद्धा हसायची" हे तू लिहिलंयस ना, तिथे मी थांबले. घरातल्या सात-आठ माणसांत बसून स्वतःच्या फजितीवर हसणं वेगळं. त्या सात-आठ जणांनी तिच्या हातची मासवडी शेकडो वेळा खाल्लेली असते. न चिरलेल्या शेकडो आणि चिरलेली एक, हा हिशोब त्यांच्या पोटात असतो, म्हणून ते हसू गोड लागतं. बाहेरच्या अकरा लाखांनी तिची ती एकच मासवडी पाहिली. त्यांच्या दृष्टीने ती मासवडी न जमणारी बाई झाली. जुन्नरच्या बाईला हे किती लागेल, याचा अंदाज पुण्यात बसून तुला आला नसावा. त्या भागात सुनेची परीक्षा मासवडीवर होते. पावण्यारावण्यांना मासवडी-रस्सा करून घालणं हा तिथे मानाचा स्वयंपाक आहे.

आता तुझा मोठा प्रश्न, विडंबन करणंच चुकीचं का. अजिबात नाही. पाककृतींच्या कार्यक्रमांचं विडंबन व्हायलाच हवं, आणि मराठीत ते आणखी धीटपणे व्हायला हवं असं माझं मत आहे. त्यातली भाषाच बघ. घरात "त्यात बेसन घाल गं" म्हणणारी बाई दिवे लागले की "आता आपण ह्याच्यामध्ये बेसन ॲड करून घेणार आहोत" म्हणायला लागते. घालणं, ओतणं, टाकणं, पेरणं, भुरभुरणं, शिंपडणं, सोडणं, लावणं! स्वयंपाकघरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही क्रियापदं. पीठ पेरतात, पाणी शिंपडतात, वड्या तेलात सोडतात, खसखस भुरभुरतात, फोडणी देतात. प्रत्येक शब्दात हाताची वेगळी हालचाल आहे. त्या सगळ्यांचं "ॲड करणं" झालं. वर प्रत्येक वाक्यात "छान असं", "मस्तपैकी", "अशा पद्धतीने". मीठ चवीनुसार, तिखट आवडीनुसार, कोथिंबीर सजावटीसाठी. आणि सूत्रसंचालकाचा तो घास! तोंडात जायच्या आधी मान डोलायला लागते आणि जिभेला चव कळायच्या आत "अप्रतिम" म्हणून होतं. तुझ्या मीठाच्या बरणीवर लोक हसतात ते यामुळेच. त्यांनी वर्षानुवर्षं हे पाहिलंय, त्यांना ते खटकत होतं, पण नेमकं काय खटकतंय ते कोणी दाखवलं नव्हतं. तू दाखवलंस. हे चांगलं काम आहे आणि ते तू सोडू नयेस, असं मला मनापासून वाटतं.

मला या विषयाबद्दल एवढं का वाटतं, तेही सांगते. तरुणपणी चार वर्षं मी अशाच एका कार्यक्रमाच्या मागच्या स्वयंपाकघरात काम केलं. भाज्या चिरून ठेवणं, वाटणं वाटून ठेवणं आणि एकाच पदार्थाच्या तीन अवस्था तीन पातेल्यांत तयार ठेवणं, हे माझं काम. समोरच्या सुंदर ओट्यावर सिंक होतं, त्याला नळ होता, नळाला पाणी नव्हतं. खाली बादली ठेवलेली असायची. पंखा बंद, कारण आवाज येतो आणि गॅसची ज्योत हलते. वरून दिव्यांची आग. बावीस मिनिटांच्या भागाला पाच-सहा तास सहज जायचे.

त्या बायका आल्या की पहिली अडचण बांगड्यांची. कॉलरच्या माइकमध्ये किणकिण येते म्हणून ध्वनिमुद्रण करणारा मुलगा "ताई, बांगड्या काढा" म्हणायचा. चुडा भरलेल्या नव्या नवऱ्या किंवा वाराच्या दिवशी बांगडी न उतरवणाऱ्या बायका गोंधळून माझ्याकडे बघायच्या. मग मी चिकटपट्टी घेऊन बांगड्या कोपराकडे सरकवून हाताला चिकटवून द्यायचे आणि वरून पदर नीट करायचे. एका काकूंनी घरून स्वतःचं उलथनं आणलं होतं, धुऊन पुसून नॅपकिनमध्ये गुंडाळून. लोखंडी, दांडा झिजलेला. ते वापरता येणार नाही असं त्यांना सांगण्यात आलं, कारण कढई आणि कलथे पुरस्कर्त्या कंपनीचे होते. त्या नॉनस्टिक कढईवर लाकडी कलथा धरताना त्यांचा हात चुकत होता, ते मी दोन हातांवरून पाहत होते. तीस वर्षं रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईचा हात. पदार्थ पूर्ण झाल्यावर ते उलथनं त्यांनी परत नॅपकिनमध्ये गुंडाळलं आणि पिशवीत सगळ्यात खाली ठेवलं.

आता मासवडीकडे ये. तू ती केली आहेस का कधी? खाल्ली असशील पोटभर, पण केली आहेस का? फोडणीच्या पाण्याला उकळी आली की त्यात बेसन थोडं थोडं सोडत घोटायचं, गुठळी राहू द्यायची नाही, झाकण ठेवून दणदणीत वाफ आणायची. मग ओल्या फडक्यावर खोबरं-कोथिंबीर भुरभुरून ते पिठलं चटके बसत असतानाच थापायचं. हात पाण्यात बुडवायचा आणि थापायचं, परत बुडवायचा आणि थापायचं. त्यावर तीळ, सुकं खोबरं, खसखस, भाजलेला कांदा, लसूण यांचं सारण पसरायचं आणि फडक्याच्या आधाराने गुंडाळी करून दाबून तिला माशासारखा आकार द्यायचा. यातली एकच गोष्ट कोणासाठी थांबत नाही, ती म्हणजे पिठल्याची ऊब. पिठलं गरम आहे तोवर वाकतं. गार झालं की घट्ट होतं, आणि घट्ट झालेलं गुंडाळायला गेलं की चिरतं. जुन्नरची कुठलीही बाई हे झोपेतसुद्धा सांगेल.

आणि चित्रीकरणात काय होतं? पिठलं शिजतं. "थांबा ताई, वरचा कॅमेरा लावतोय." पाच मिनिटं. "लाइट बदलायचाय." आणखी सात मिनिटं. फडकं दिव्याखाली वाळतं. "ताई, ते थापतानाचं वाक्य परत एकदा, हसून." पिठलं तोवर गार. तुझ्या आत्याच्या वेळी मी तिथे नव्हते, त्यामुळे नेमकं काय झालं ते मी ठामपणे सांगणार नाही. पण माझ्या चार वर्षांत मी पाटवड्या, सुरळीच्या वड्या, उकडीचे मोदक, पुरणपोळ्या कॅमेऱ्यासाठी खोळंबून बिघडताना पाहिल्यात. ज्या पदार्थाला गरम असतानाच हात लावावा लागतो, तो तिथे हमखास फसायचा. करणारीचा त्यात काही दोष नसायचा. आणि फसला की ती कधी म्हणायची नाही, "तुम्ही मला थांबवलंत म्हणून." परक्यांच्या जागेत, एवढ्या माणसांसमोर, पाहुणी म्हणून आलेली बाई यजमानाला कशी बोलणार? ती स्वतःकडे घ्यायची. "होतं असं," म्हणायची.

तुझ्या आत्याचं ते वाक्य मी तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा मला ते घाबरल्यासारखं वाटलं नाही रे. मला ते सांभाळून घेणं वाटलं. मासवडी चिरली, समोरचा सूत्रसंचालक गप्प झाला असेल, कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. ती बोलली.

म्हणून तुझ्या व्हिडिओत मला दिसणारी चूक ही आहे. एरवी तू कार्यक्रमाची नक्कल करतोस. टेबलाखालच्या पातेल्याची, चवीनुसार मिठाची, आधीच डोलणाऱ्या मानेची. या वेळी कार्यक्रम सुटला आणि कार्यक्रमात अडकलेली बाई तुझ्या तावडीत सापडली. ज्यांनी पिठलं गार होऊ दिलं ते अकरा लाखांपैकी एकालाही दिसले नाहीत.

जगात गाजलेली या प्रकारची विडंबनं आठवून बघ. अमेरिकेत ज्युलिया चाइल्ड नावाची बाई होती. १९६३ पासून बॉस्टनच्या सार्वजनिक वाहिनीवर ती फ्रेंच स्वयंपाक शिकवायची. कार्यक्रम जवळजवळ सलग चित्रित व्हायचा, त्यामुळे चुका झाल्या तर त्या तशाच दिसायच्या. एकदा तव्यातला बटाट्याचा जाड थर उलटवताना अर्धा शेगडीवर पडला. तिनं तो गोळा करून परत तव्यात घातला आणि प्रेक्षकांना सांगितलं की स्वयंपाकघरात तुम्ही एकट्याच असता, बघायला कोण येतंय. सहा फुटांवर उंची, चढा तरंगता आवाज आणि कशानेही न डगमगणं, ही तिची ओळख. डिसेंबर १९७८ मध्ये एका विनोदी कार्यक्रमात डॅन ॲक्रॉइड या नटानं तिचा वेश करून तिची नक्कल केली. कोंबडीची हाडं काढताना हात कापतो, रक्ताच्या चिळकांड्या उडतात, तरी बाई शांतपणे पाककृती सांगत राहते, कोसळता कोसळता कोंबडीचं काळीज टाकू नका म्हणते. ज्युलिया चाइल्डला ते विडंबन फार आवडलं होतं. का आवडणार नाही? त्यात तिची ताकदच फुगवून दाखवली होती. रक्त गेलं तरी शिकवणं थांबणार नाही अशी बाई! शिवाय तोवर पंधरा वर्षं ती टीव्हीवर होती, कार्यक्रम तिचा होता, ओटा तिचा होता.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९७६ मध्ये सुरू झालेल्या एका बाहुल्यांच्या कार्यक्रमातला स्वीडिश आचारी तू पाहिला असशील. मोठ्या मिशा, डोळे झाकलेले, अगम्य भाषेत अखंड बडबड. त्याची एक गंमत तुझ्या धंद्याची आहे. त्या बाहुलीचं डोकं आणि आवाज जिम हेन्सनचे असायचे आणि हात, खरे माणसाचे उघडे हात, फ्रँक ऑझचे. म्हणजे बोलणारा एक आणि करणारा दुसराच. हात कुठे निघालेत ते डोक्याला कळत नाही, म्हणून पीठ उडतं, भांडी पडतात. पाककृतींच्या कार्यक्रमाचं सगळ्यात खरं चित्रण मला त्यात दिसतं, कारण आमच्याकडेही जवळून घ्यायच्या दृश्यात कितीदा हात भलत्याचेच असायचे. पुष्कळदा माझेच! त्या आचाऱ्यानं कोणत्याही खऱ्या माणसाला दुखवलं नाही, आणि जवळजवळ पन्नास वर्षं तो लोकांना हसवतोय.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर औरंगाबादच्या, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहराच्या, यशराज मुखाटेचं घे. ऑगस्ट २०२० मध्ये त्यानं हिंदी मालिकेतला तो रसोड्यातला संवाद तालावर बांधला. कुकरमधले चणे काढून रिकामा कुकर गॅसवर कोणी चढवला, याची सासूनं केलेली चौकशी. टाळेबंदीत घरोघरी तेच वाजत होतं. त्यात कोकिलाबेनची भूमिका करणाऱ्या रूपल पटेल यांनी त्याला फोन करून कौतुक केलं होतं. कारण कोकिलाबेन हे पात्र आहे. पात्रामागे कसलेली नटी आहे. गंमत झाली ती संवादाची आणि मालिकेच्या आवेशाची. रूपलताईंना बाजारात कोणी "रसोडे में कौन था" म्हटलं तर ती त्यांच्या अभिनयाला मिळालेली दाद ठरते. तुझ्या आत्याला "होतं असं" म्हटलं तर ती कशाची दाद?

तू मनाशी एवढं धरून चाल. ज्याच्याकडे तोरा आहे, अधिकार आहे, ओटा ज्याच्या मालकीचा आहे, त्याची हवी तेवढी टर उडव. सूत्रसंचालक, परीक्षक, पुरस्कर्ते, "घरच्या घरी सोप्पी" म्हणून बावीस जिन्नस मागणारे बल्लवाचार्य, हे सगळे तुझे. घरून एसटीनं उलथनं घेऊन आलेली बाई तुझी नाही. ती सामान्य बाई म्हणून तिथे बोलावलेली असते, आणि कार्यक्रम संपला की परत सामान्य बाई म्हणून त्याच बाजारात जाते.

साडीबद्दलही बोलते, तू विचारलं नाहीस तरी. पुरुषानं साडी नेसणं आपल्याकडे नवं नाही. तमाशातली मावशी आहे, भारुडातली सोंगं आहेत, त्यात मोठमोठ्या कलावंतांनी जीव ओतलाय. पण मावशीला सवाल-जवाब असतो, ती समोरच्याला निरुत्तर करते. रीलमध्ये हल्ली बहुतेक वेळा साडी नेसली की काम झालं असं समजतात. पदर सावरला, हशा. पदर पडला, हशा. तुझ्या त्या व्हिडिओतलं निम्मं हसू साडीचं असेल, हे तूच एकदा आवाज बंद करून तपासून बघ. तुझे मिठाच्या बरणीचे व्हिडिओ तू साध्या शर्टात केलेस असं तुझ्या वर्णनावरून वाटतं. ते टिकतील.

कायद्याचं थोडक्यात सांगते, मी वकील नाही. त्या कार्यक्रमाच्या प्रक्षेपणाचा हक्क वाहिनीकडे असतो आणि आपल्या कायद्यात तो २५ वर्षं राहतो, म्हणजे २०१० चा भाग अजून त्यांचाच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम टीका किंवा समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा देतं. त्यात विडंबन हा शब्द नाही. केरळ उच्च न्यायालयानं १९९६ मध्ये एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाला, मूळ नाटकातले बरेच भाग घेऊनही, परवानगी दिली होती, कारण त्यात मूळ नाटकावर टीका होती. तुझे १४ सेकंद टीका म्हणून होते का? मला तर ते लोकांना आत्याचा खरा चेहरा कळावा म्हणून जोडलेले वाटले, आणि तोच भाग सगळ्यात वाईट आहे. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले की खातं बंद होऊ शकतं, हेही ध्यानात ठेव. पुढे मूळ चित्रफीत वापरूच नकोस. तुला तिची गरज नाही, तुझ्या अंगात नक्कल आहे.

मसालेवाल्यांना नाही म्हण. त्याच वेशात म्हणजे आत्याच्या वेशात. तिचा मसाला यंदा तुझ्या घरी आला नाही, आणि तू तिचं रूप घेऊन दुसऱ्याचा मसाला विकणार? दुसऱ्या कुठल्या कल्पनेवर ते तयार असतील तर जरूर कर, पैसे घे, फक्त ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिही.

आता आत्याकडे जाण्याचं. फोनवर माफी मागू नकोस, घरच्या ग्रुपवर तर मुळीच नको. प्रत्यक्ष जा, एकटा जा, वडिलांना मध्यस्थ म्हणून नेऊ नकोस. मोबाइल पिशवीत ठेव. माफीचा व्हिडिओ करायचा विचार डोक्यात आला असेल तर तो तिथेच सोड. तिला अकरा लाखांसमोर परत उभं करण्यासारखंच आहे ते, मग तू कितीही रडलास तरी. व्हिडिओ काढलाय, एवढं पहिल्या वाक्यात सांग. "तुझी गंमत म्हणून केलं", "लोकांना तू आवडलीस", "आत्या, तू किती फेमस झालीस" यातलं काही बोलू नकोस. माझं चुकलं म्हण आणि गप्प राहा. ती बहुधा म्हणेल, "काही नाही रे, मला काय त्याचं." लगेच हुश्श करू नकोस. आपल्याकडच्या बायका "काही नाही" म्हणतात तेव्हा बरंच काही असतं, आणि ते बाहेर यायला चहा लागतो, भांडी आवरून व्हावी लागतात, दुपार व्हावी लागते.

मग तिला विचार, त्या दिवशी काय झालं होतं. किती वाजता घरातून निघाली, कोणती साडी ठरवली होती, बेसन घरचं नेलं होतं का, बांगड्यांचं काय केलं. पिठलं थापायच्या आधी किती वेळ थांबवलं. तुमच्या घरात तो भाग इतक्या वेळा बघितलाय, पण तिच्या बाजूनं तो कोणी ऐकलाय का? इतक्या वर्षांत कोणी विचारलं असेल असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही. कदाचित ती सांगेल, आणि सांगताना त्या कॅमेरावाल्याची, "हसून, ताई, हसून" म्हणणाऱ्याची अशी काही नक्कल करेल की तुला कळेल ही कला तुझ्यात कुठून आली. कदाचित काहीच सांगणार नाही. दोन्ही चालेल. तू त्यासाठी गेलेला नाहीस.

सांगितलंच, आणि तिला स्वतःहून वाटलं की यावर तू काही करावंस, तर पिठलं शिजल्यापासूनची ती वीस मिनिटं कर. दिवा, कॅमेरा, माइक, पुरस्कर्त्याची बाटली ओट्यावर सरळ करणारा माणूस, आणि मध्ये वाफ विरत चाललेलं पातेलं. करणारी बाई दाखवूही नकोस, तिचे हात दाखव, थापायला आतुर झालेले. तिच्या तोंडून होकार आल्याशिवाय मात्र हे करायचं नाही, आणि तू होऊन सुचवायचंही नाही.

रविवारी जा. आदल्या दिवशी फोन करून येतोय एवढंच कळव, कारण सांगू नकोस, तिला कळेल. तुझं येणं कळल्यावर तिनं बेसन शिजायला घेतलंच तर पोचल्यावर आधी हात धू. फडकं ओलं करून घट्ट पिळायचं काम मागून घे आणि ती पातेलं उतरवेल तेव्हा ते अंथरून तयार ठेव.

तुझी,
ताई